आकारातलं नाव

भिंतीपलीकडून कुणीतरी आरोहीला हाक मारली. साधी नव्हे, मेलेल्या माणसाला मारतात तशी.

आशाची पोळी तव्यावरच राहिली. धावत जाऊन तिने झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता. पलीकडे पुन्हा "आ-" सुरू झालं, वर चढलं, इतकं सुरेल की अंगावर काटा आला. रडणं असं सुरात असतं का कधी?

गॅस बंद करून तिने शेजारची बेल वाजवली.

सुचेताताई एके काळी संगीत नाटकात नायिका होत्या. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं, गाणं गेलं. आता त्या सिनेमात आया आणि आज्या करायच्या. जेसल पार्कातली अख्खी वस्ती त्यांना 'रडणारी आजी' म्हणूनच ओळखायचं.

"ये गं. घाबरलीस होय? उद्या चेणे गावाला शूटिंग आहे. नात खाडीत बुडते, मी काठावर."

"पण आरोही का?"

"स्क्रिप्टमध्ये चिनू होतं. चि-नू! तोंड उघडायच्या आत मिटतं. मी त्या डायरेक्टरला म्हटलं, बाबा रे, मला आकार दे, आकाराशिवाय सूर लागायचा नाही. तुझ्या पोरीचं नाव कसं, आ म्हटलं की थेट वरच्या 'सा'पर्यंत." बोलताना त्यांचा आवाज खरखरत होता. "गाण्यातलं सगळं गेलं बघ. एवढा एकच सूर उरलाय, तोही असा हंबरडा फोडला तरच लागतो."

"ताई, नको ना तिचं नाव."

"वेडी आहेस. पडद्यावर माझी किती लेकरं गेली! सगळी धडधाकट आहेत. एक तर मीरा रोडला जिम चालवतो."

"तुमची पुष्कळ असतील. माझी एकच आहे."

सुचेताताईंचं हसू ओसरलं. "बरं. मग दुसरं दे. आकारातलंच हवं पण."

आशा विचार करू लागली. भाच्याचं नाव 'आ'वरूनच होतं. नको, तेही कुणाचं तरी लेकरूच. कुठलंही नाव घेतलं की त्यामागे एक पोर उभं राहत होतं.

"आशा म्हणा," ती म्हणाली.

"तुझं?"

"माझं चालेल."

"आई आहे का तुझी?"

"नाही. कोरोनात गेली. शेवटचं भेटताही आलं नाही."

सुचेताताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तू घरी जा. तुझ्यासमोर ही हाक नाही मारणार मी."

घरी आरोही उठून बसली होती. आशाने तिला दूध दिलं, स्वतः शेजारी टेकली. आता ऐकलं तरी काय होणार होतं? नाव तर आपलंच.

भिंतीपलीकडे आधी नुसता आकार लागला. खरखर विरत गेली, सूर उघडला, आणि त्यात तिचं नाव आलं. "आशाऽऽ!" सिनेमातलं रडणं नव्हतंच ते. दिवेलागणीला चाळीच्या कठड्यावरून आई बोलवायची, तीच हाक. शेवटच्या 'शा'वर जराशी रागावलेली, जेवण गार होतंय म्हणून.

सुचेताताईंनी तर तिच्या आईला कधी पाहिलंही नव्हतं.

पुन्हा हाक आली. आरोहीने कप खाली ठेवला. ओठांवर दुधाची मिशी.

"आई, तुला बोलवतायत. जा ना."

"असं जा म्हणू नये, बाळा."

"पण बोलवतायत ना."

तिसरी हाक सर्वांत वर गेली आणि तिथेच थांबून राहिली, कुणी उत्तर देईपर्यंत खाली न उतरणारी. आशा केव्हा उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही.

"येते हं," तिच्या तोंडून गेलं.

हे आरोहीला म्हटलं की भिंतीपलीकडच्या हाकेला? ती दचकली. पोरीचा हात तिने इतका आवळला की आरोही कळवळून रडू लागली. आणि त्या बेसूर, खऱ्याखुऱ्या रडण्याला आशाने छातीशी घट्ट, घट्ट धरून ठेवलं.