मोळीवालीचं डोकं

बारामतीत एसटी स्टँडच्या मागे वसंत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं भिंतीवर चालणाऱ्या माणसाचा एक तक्ता लावलेला असायचा. पाऊल पडलं की डोकं खाली, पाय जुळले की डोकं वर. गेममधला माणूस असाच चालतो, असं सर सांगायचे, आणि सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वतः सरांनी कधी एक उभी रेघ काढलेली आम्ही पाहिली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

साल १९९८. गेमसाठी चित्रं काढायचा वर्षाचा कोर्स तिथं पहिल्यांदाच निघाला होता आणि मी त्यासाठी शेळगावहून रोज एसटीनं येत होते. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मेघना, मुलींनी लग्नपत्रिका करायला शिकावं. गेम पोरं करतील." मी तिथल्या तिथं ठरवलं, लग्नपत्रिका करायची नाही. स्वतःचीसुद्धा.

घरी अप्पांची वेगळीच अट. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. "वरीसभर शिक," ते म्हणाले होते. "नोकरी लागली तर तुझं खरं. न्हायतर जूनला गुमान डी.एड.ला जायाचं."

आणि नोकरी होती एकच. लहान मुलांचे गेम बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीतून दीप्ती मॅडम येणार होत्या. आमचं काम बघून एकाला घेणार होत्या. काम काय, तर पडद्यावर एक माणूस चालवून दाखवायचा.

सगळ्या पोरांनी तक्त्यावरचा माणूस जसाच्या तसा उचलला. कुणी त्याला टोपी घातली, कुणी तलवार दिली. मला त्या माणसाची चीड यायची. असं रिकाम्या हातानं डुलत चालणारं माणूस मी आमच्याकडं फक्त निवडणुकीत पाहिलं होतं.

क्लासातली माझी मैत्रीण अंजली सोमेश्वरनगरची. तिच्याबरोबर मी ऊसतोड चालली होती त्या फडावर गेले. बायका डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होत्या. गुडघे वाकत होते, कंबर हलत होती, मान मात्र ताठ. मी बांधावर बसून चित्रं काढत राहिले. त्यांच्यातल्या तानूबाई मोळी टाकून परत येताना माझ्यापाशी थांबल्या.

"काय काढतीस गं?"

"तुमालाच."

"मग तोंड बी काढ. नुसती मोळी नगं."

काढलं. पडद्यावर एकेक बारीक चौकोन रंगवून चित्र उभं करावं लागतं, तोंडाच्या वाट्याला चार-सहा चौकोन येतात. त्यातला एक मी तानूबाईंच्या नाकातल्या चमकीसाठी पिवळा केला.

मॅडम यायच्या दिवशी सकाळी सरांनी ते पाहिलं.

"डोकं दगडासारखं झालंय. तक्ता बघ. मिटव आणि नीट कर."

"न्हाय सर. तिच्या डोक्यावर मोळी हाय. डोकं हाललं तर मोळी पडंल."

"मला शिकवू नकोस. मिटव."

"न्हाय मिटवत."

सरांनी माझी फ्लॉपी काढली आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकली.

दीप्ती मॅडम आल्या. एकामागून एक टोपीवाले, तलवारवाले डोकं हलवत पडद्यावरून गेले. मॅडमना जांभई आवरेना.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," सर म्हणाले.

माझं वर्ष त्या खिशात होतं. माझं डोकं सटकलं. मी उठले, ओढणीची चुंबळ केली, कोपऱ्यातला प्रिंटरच्या कागदाचा भरलेला बॉक्स अंजलीच्या मदतीनं डोक्यावर घेतला आणि कॉम्प्युटरच्या मधून चालायला लागले. शेळगावात हंडे वाहून तयार झालेली मान होती ती.

"मेघना! खाली ठेव ते!" सर ओरडले.

"मॅडम, माझं डोकं बघा. हालतंय का? माझी बाई अशी चालती. ती सरांच्या खिशात हाय."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरांपुढं नुसता हात पसरला.

मोळीवाली पडद्यावरून चालत गेली. मॅडमनी तिला परत परत चालवलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्या गेममधल्या मुलाच्या डोक्यावर काही नाही. साधं चालणं येतं का तुला?"

मी बॉक्स खाली ठेवला आणि फ्लॉपीवरची दुसरी फाईल उघडली. तीच बाई, तीच चमकी. मोळी ट्रकवर टाकून परत निघालेली. हात मोकळे, आणि डोकं प्रत्येक पावलाला वरखाली, अगदी तक्त्याप्रमाणे.

"हे सकाळी का नाही दाखवलंस?" सरांनी विचारलं.

"तुमी इचारलं कुठं? तुमी मिटव म्हणलात."

मॅडमनी पर्स उघडून कंपनीच्या पत्त्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. "सोमवारी ये. पण ऐक, तिथंही लोक मिटव म्हणतील."

"म्हणू द्या," मी म्हणाले.

त्या गेल्यावर सरांनी घसा खाकरला. आता तेवढीच सत्ता उरली होती त्यांच्याकडं. "तो बॉक्स जागेवर ठेव."

"तुमीच ठेवा सर. माझी एसटी जाईल."

दारातून मी वळून पाहिलं. सरांनी बॉक्स पोटाशी धरून उचलला होता, आणि पावलागणिक त्यांचं डोकं वरखाली होत होतं.