रेडिओने न बघता वाचवलेली वेल

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. यंत्र रुसलं की बंद करायचं, दोन शिव्या हासडायच्या आणि परत चालू करायचं, एवढीच आपली विद्या. म्हणून बायकोचा कॉम्प्युटर बिघडला तसा माझा हात सरळ बटणाकडे गेला.

"अहो, हात तोडीन!" ती ओरडलीच.

झालं असं होतं. सकाळी कॉम्प्युटरने आपलं आपण अपडेट करून घेतलं. मग हिने तिच्या आईने हाताने भरलेली जुनी शाल फळीवर ताणली आणि तिच्यावरची वेल स्क्रीनवर उतरवायला बसली. भरतकामाच्या मशीनवर तीच वेल पुन्हा काढायची होती. शाल इतकी विरलेली की उतरवता उतरवता धागेच हातात आले. आता वेल काय ती कॉम्प्युटरच्या पोटात. आणि दुपारी स्क्रीनवर नुसते हिरवे-जांभळे चौकोन, त्यातून पट्टे पळतायत!

"सेव्ह केलीस ना?"

"अर्ध्या कामाला नाव काय द्यायचं?" ती रडवेली झाली. तिची पद्धतच तशी. काम पुरं झाल्याशिवाय सेव्ह नाही.

मग वरच्या मजल्यावरून तिच्या धाकट्या भावाला हाक मारली. जन्मापासून दिसत नाही त्याला. तोंड दिवसभर चालू, म्हणून आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. ऑफिसात कॉम्प्युटर बोलतो, हा ऐकतो, असं त्याचं काम.

"अरे, स्क्रीनवर काही दिसत नाहीये," मी म्हटलं.

"मला कधी दिसत होतं, भावोजी? सरका."

त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि आतून एक बाई तोंड पोळल्यासारखी भराभर बोलायला लागली. मला एक अक्षर कळेना. हा आपला मान डोलावतोय.

"ताई, तुझं काम आत शाबूत आहे. नुसतं दाखवणारं बिघडलंय. नाव सांग."

"अजून दोन पानं राहिलीत रे..."

"नाव!"

"काहीही दे!"

त्याने खरंच 'काहीही' असं नाव दिलं. बाई काहीतरी पुटपुटली. "झालं सेव्ह," तो म्हणाला.

स्क्रीनवर चित्र दाखवणारा एक ड्रायव्हर असतो म्हणे. अपडेटने नवा बसवला होता, तो याने काढला आणि जुना परत आणला. समोर चौकोन नाचतायत, आणि याची बोटं अंधारात स्वतःच्या घरात फिरावं तशी फिरतायत. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. हिने 'काहीही' उघडलं. अख्खी वेल!

उरलेली दोन पानं जोडून संध्याकाळी हिने मशीनवर वेल काढली आणि कापड भावाच्या हातात दिलं.

"वेल होती होय? मला वाटलं बिलं असतील," तो हसला. मग पानामागून पान चाचपत गेला आणि एका जागी बोट थांबलं. रेडिओ बंद.

"ताई," शेवटी तो हळूच म्हणाला, "इथे आईचा टाका चुकला होता. तोही घेतलास?"

"तोच आधी घेतला," ती म्हणाली.