खिळवायचा राहिलेला कोपरा

राजवाड्याच्या पुढच्या दारातून आत शिरायची रंगाऱ्याची ही पहिलीच वेळ. मागचं दार मात्र त्याला पाठ होतं. त्याचा तपकिरी रंग कुठे पोपडे धरतो, दमट हवेत कडी कशी अडकते, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. बायको कामावरून सुटायची तेव्हा सायकल धरून तो तिथेच उभा असायचा. नोकरांच्या घरच्यांनी त्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. आता मालक मंडळी राजवाडा एका कंपनीला विकून निघून गेली होती आणि तिकीट काढलं की कुणीही पुढून आत जात होतं. बायको होती तेव्हा जाता येत नव्हतं, आणि जाता यायला लागलं तर बायको उरली नव्हती.

ती तिथे रफूवाली होती. राजवाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यात भिंतींना रंग नव्हता. छतापासून खालपर्यंत हिरवं रेशमी कापड ताणून बसवलेलं होतं. जुनंपुराणं कापड, जिथे विरेल तिथे ते रफू करायचं हे तिचं काम. लग्नाआधीपासून ते राजवाडा विकला जाईपर्यंत ती त्याच चार भिंतींभोवती फिरत राहिली. चौथी भिंत संपेपर्यंत पहिली पुन्हा विरलेली असायची.

रंगारी तिला चिडवायचा. म्हणायचा, माझं काम सगळं गाव बघतं, तुझं काम कुणाला दिसलंय का कधी? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"अहो, माझं काम दिसलं की माझी नोकरी गेली."

स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने एक काठी बांधली होती आणि तिच्यावर हिरव्या रेशमाचे धागे उन्हात टांगलेले असायचे. नवा धागा जुन्या भिंतीला चालत नाही. भिंतीइतका तो विटला पाहिजे. ती रोज एक तुकडा कापून बरोबर न्यायची, भिंतीला लावून बघायची आणि संध्याकाळी सांगायची, अजून कच्चा आहे. मग एके दिवशी म्हणायची, पिकला. आढीतल्या आंब्याबद्दल बोलावं तसं. रंगारी हसायचा. लोक रंग उडू नये म्हणून माझ्याकडे येतात आणि ही बया रंग उडायची वाट बघत बसते, म्हणायचा.

ती गेल्यावर लेक आली, कपाट आवरलं, साड्या वाटल्या, औषधं फेकली. लेक कामाला वाघ. पण खिडकीतल्या धाग्यांना हात लावायला गेली तेव्हा रंगारी तिच्या अंगावर ओरडला. लेकीने काठी होती तिथे ठेवली आणि जावयाकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ रंगाऱ्याला कळला.

खरी गोष्ट अशी होती की, त्या घरात बायकोच्या हातचं दुसरं काहीच नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या भिंतीत सुई घालून आलेली बाई घरी कशाला सुईला हात लावील? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रंगाऱ्याच्या शर्टाची बटणं रंगारीच लावायचा. पलंगावरच्या चादरी बाजारातल्या, पडदे बाजारातले. तिने केलेलं म्हणून हात फिरवावा अशी वस्तू शोधत तो घरभर फिरला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की ती वस्तू तर दिवाणखान्याएवढी मोठी आहे, फक्त घरात नाही. एकदा, एकाच जागी का होईना, तिचा हात बघायचा. एवढ्यासाठी त्याने तिकीट काढलं होतं.

आत एकट्याला सोडत नव्हते. जथ्थ्याने जायचं, पुढे गाइड. गाइड तरुण होती, चटपटीत होती, आणि तिचा आवाज सगळ्यांना पुरत होता. जथ्थ्यात एक मफलर गुंडाळलेले गृहस्थ होते. त्यांची बायको त्यांच्या दंडाला धरून त्यांना पुढे ढकलत होती आणि इथे बघा, तिथे बघा, अहो वर बघा, असं चाललं होतं. मफलरवाले वैतागून म्हणत होते, बघतोय गं, डोळे काय भाड्याने आणलेत का? रंगारी त्या दोघांपासून लांब राहिला.

जिना चढताना लोकांनी संगमरवरी खांबांवरून हात फिरवले. ते संगमरवर नव्हतेच. विटा, वर चुन्याचा गिलावा, त्यावर पिसाने ओढलेल्या करड्या रेघा. असले खांब रंगाऱ्याने स्वतः एका हॉटेलात केले होते. जेवणघरात टेबल इतकं लांब की या टोकाच्या माणसाला मीठ हवं असेल तर त्या टोकाला निरोप धाडावा लागावा. आरशांचा पारा सुटून त्यांना काळे डाग पडले होते. झुंबर पिशवीत बांधून टांगलं होतं आणि पिशवीवर धूळ साचली होती. छताच्या नक्षीवर कधीकाळी सोन्याचा वर्ख असेल, आता डब्यातला पिवळा रंग होता आणि तोही काळवंडलेला. लोक हळहळत होते. काय वैभव असेल, म्हणत होते. बडा घर पोकळ वासा, रंगारी मनात म्हणाला. त्याला त्या वैभवाची हळहळ वाटेना. हे वैभव टिकवायला जी माणसं मागच्या दाराने आत जात होती, त्यांना जिन्यावरून चालायचीही परवानगी नव्हती.

मग दिवाणखाना आला.

भिंतींपासून हातभर अंतरावर दोरी लावली होती. हिरवं कापड खिडक्यांच्या उजेडात शांत पसरलेलं होतं, उन्हाच्या बाजूला पिवळट, कोपऱ्यांत गडद. रंगारी दोरीला चिकटून चालायला लागला. एक भिंत झाली, दुसरी झाली. त्याने चष्मा पुसला, मान वाकडी करून उजेडाच्या अंगाने बघितलं. गिलाव्यातली भेग शोधायला तो असंच बघायचा आणि त्याला भेग सापडायचीच. इथे काही सापडेना. एक टाका नाही, एक गाठ नाही, रंगाचा फरक नाही. सगळं आयुष्य तिने या भिंतींत घातलं होतं आणि भिंत अशी कोरी की तिला कुणाची ओळखच नाही. त्याला बायकोचा राग आला. इतकं चांगलं काम करायची काय गरज होती? एखादा टाका चुकला असता तर काय बिघडलं असतं?

गाइड सांगत होती की बाकीच्या खोल्यांत वेळोवेळी बदल झाले, पण हा एकच दिवाणखाना असा आहे की ज्याच्या भिंतींना आजवर कुणाचा हात लागलेला नाही. बांधला तेव्हाचं कापड जसंच्या तसं आहे. लोकांनी माना हलवल्या.

"रफू केलेलं आहे ते," रंगारी म्हणाला. "माझी बायको करायची. सगळ्या भिंतींना."

गाइड हसली. चांगली मुलगी होती, हसण्यात कुचेष्टा नव्हती. ती म्हणाली की पडदे असतील, पडदे खूपदा दुरुस्त झालेत. रंगारी म्हणाला, पडदे नव्हे, भिंती. मग तिने विचारलं, "कुठे आहे रफू? दाखवता का, काका? मलाही बघायला आवडेल."

तिने खरोखरच विचारलं होतं, हीच पंचाईत. रंगारी भिंतीकडे बघत उभा राहिला. दाखवण्यासारखं काही नव्हतं. मफलरवाल्यांच्या बायकोने नवऱ्याचा दंड सोडला आणि ती रंगाऱ्याला हळूच म्हणाली, बसा थोडं, दगदग झाली असेल. वेड्या माणसाशी बोलतात तसं ती बोलली. लेकीने जावयाकडे बघितलं होतं, तसंच हे.

जथ्था पुढच्या खोलीकडे वळला. दाराशी बसलेला पहारेकरी जांभई देत होता. आणि तेव्हा रंगाऱ्याला कोपरा आठवला.

बायको शेवटी शेवटी अंथरुणात त्या कोपऱ्याबद्दल बोलायची. राजवाडा विकला गेला तेव्हा तिला मधेच सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस. हातातलं काम तसंच राहिलं. रफू करायचं तर कापडाची खालची कड लाकडी पट्टीवरून सोडवावी लागते, मागून हात घालावा लागतो, धाग्यांची टोकं मागे सोडावी लागतात. पुढून राणीसाहेब आणि मागून माझ्यासारखी, असं ती त्या कापडाबद्दल म्हणायची. काम झालं की कड पुन्हा पट्टीला खिळवायची. गच्चीच्या दाराशेजारचा खालचा कोपरा खिळवायचा राहिला, म्हणायची. ताप चढला की सारखं तेच. कुणीतरी जाऊन तेवढा खिळवून या हो, नाहीतर धरेल कुणीतरी आणि ओढेल.

गच्चीच्या दाराशेजारी एक मोठी खुर्ची ठेवलेली होती. रंगारी दोरीखालून वाकून गेला. खुर्चीमागे तो कोपरा तसाच होता, पट्टीपासून सुटलेला, कुणाच्याही लक्षात न आलेला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन बोटांनी कड उचलली.

मागे ती होती. हिरव्या धाग्यांची टोकं, दाट, आडवी-उभी, एकावर एक. काही गडद, काही पिवळट, काही इतकी विटलेली की राखाडीच म्हणावीत. कुठल्या वर्षीचे धागे किती उन्हं खाऊन आले ते त्याला ओळखू यायला लागलं. त्याच्याच खिडकीतली उन्हं ती. पुढून जी भिंत एकसारखी होती ती मागून नुसती रफूच होती, मूळ कापड शोधावं लागावं इतकी. त्याने त्यावर पंजा ठेवला. टोकं मऊ होती, नुकतेच कापलेले केस हाताला लागावेत तशी.

अजून वर किती आहे ते बघावं असं त्याला वाटलं. या गाइडला हाक मारावी, त्या मफलरवाल्यांच्या बायकोला बोलवावं आणि म्हणावं, या, आता बसतो मी, तुम्ही बघा. त्याने कड आणखी वर उचलली.

कापड फाटलं.

फार आवाज झाला नाही. रफू घट्ट होतं, त्यातला एक टाका तुटला नाही. फाटलं ते भोवतालचं जुनं कापड, ज्याला बायकोचा हात लागलेला नव्हता तेवढंच. पण फाटायला लागलं ते थांबेना, सुटलेल्या कोपऱ्यापासून सरळ वर, त्याच्या डोक्याच्याही वर गेलं, आणि रफू केलेला भाग आपल्याच वजनाने खाली लोंबायला लागला. पहारेकरी धावत आला तेव्हा रंगारी दोन्ही हातांनी ते भिंतीशी दाबून धरून बसला होता.

व्यवस्थापक आला. त्याने आरडाओरडा केला नाही. लोकांना दुसरीकडे न्यायला गाइडला सांगितलं आणि मग खाली वाकून लोंबणाऱ्या कापडाची मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. गाइड अजून दारातच उभी होती, तिनेही बघितलं. व्यवस्थापकाने तिच्याकडे मान वळवली. ती खाली बघायला लागली. त्याने आपल्या हाताने कापड उलटवून मागची बाजू पुन्हा भिंतीकडे केली.

पोलिसांत देणार नाही, पण परत इथे दिसू नका, असं त्याने रंगाऱ्याला सांगितलं. मग जाता जाता, जरा खालच्या आवाजात, त्याने विचारलं, "काका, हे पहिल्यासारखं करून देणारं कोणी आहे का तुमच्या माहितीत?"

"होती," रंगारी म्हणाला.

त्याला पुढच्या दाराने बाहेर काढलं नाही. पहारेकऱ्याने दंड धरून त्याला मागच्या बाजूला नेलं, नोकरांच्या जिन्याने खाली उतरवलं. मागच्या दाराची कडी अडकली. ती थोडी उचलून ओढायची, हे पहारेकऱ्याला ठाऊक नव्हतं. रंगाऱ्याने उघडून दिली.

त्याने लेकीला सगळं सांगितलं. लेक चिडली. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं, बाबा, एवढंच म्हणाली. पण आईचं काम म्हणून पुढे कधीतरी ती स्वतः जाऊन आली आणि आल्यावर तिने फोन केला. फाटलेलं शिवलेलं नाही, म्हणाली. शिवणारं कुणी मिळालं नाही. आता तिथे काच बसवली आहे आणि आत एक छोटा दिवा सोडला आहे. लोक तिथेच जास्त थांबतात, फोटो काढतात. एका अडाणी माणसाने हे केलं, असं सांगतात.

"गाइड तीच होती का?" रंगाऱ्याने विचारलं.

"तीच. मी कोण ते तिला सांगितलं. ती म्हणाली, मला जे सांगायला सांगतात तेच मी सांगते."

"आणि बाकीच्या भिंती?"

"बाकीच्या भिंतींना कुणाचाही हात लागलेला नाही, म्हणाली."

रंगाऱ्याने फोन ठेवला. माझं काम सगळं गाव बघतं, असं तो म्हणायचा. आता खरोखरच बघत होतं, काचेतून, वर दिवा लावून.

खिडकीत काठीवर धागे तसेच होते. ती गेल्यापासून ते कुणी काढले नव्हते आणि ऊन काही कुणासाठी थांबत नाही. हिरवं म्हणावं असं त्यांत काही उरलं नव्हतं. पिकून पार गेले होते. त्या भिंतीला ते आता जुळले नसते, कुठल्याच भिंतीला जुळले नसते. असल्या उडालेल्या रंगाचं काय करायचं हे त्याला एकच ठाऊक होतं, की त्याच्यावर नव्या रंगाचा हात मारायचा. त्याने खिडकीकडे पाठ केली आणि बटण तुटलेला शर्ट घेऊन सुईत दोरा ओवायला बसला.