सायकलवरून बारशाला

मी एक सायकल बोलतेय. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी, ओसरीत भिंतीला टेकून उभी असलेली लेडीज सायकल. माझा रंग मुळात जांभळा. आता तो दांडीवर थोडा शिल्लक आहे, बाकी ठिकाणी गंज चढलाय. पण मी दिसते त्यापेक्षा पुष्कळ चालले आहे, आणि त्यातली चार दिवसांची एक वाट मला तुम्हाला सांगायची आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मुकुटबनच्या शाळेचं पटांगण. आठवीच्या मुलींना सायकली वाटायच्या होत्या. आम्ही वीस-बावीस जणी ट्रकमधून उतरलो, सगळ्या एकसारख्या. शुभदा नावाच्या मुलीने मला ताब्यात घेतलं आणि घरापर्यंत हातात धरून चालवत नेलं, कारण तिला सायकल येतच नव्हती. चौथ्या दिवशी मात्र ती कपाशीच्या शेतांमधून मला अशी पळवत होती की माझ्या चेनलाही दम लागावा. बारावीपर्यंत आमचा रोजचा संग होता.

लग्न होऊन ती नेरला आली तेव्हा भांड्यांबरोबर टेम्पोत मीही आले. पहिली दोन वर्षं तिने मला शेतात नेलं. पुढे मंदार झाला, मग गौरी झाली, घरात मोटारसायकल आली, आणि मी गोठ्यामागे गेले. माझ्या हँडलवर गोणपाट वाळू लागलं. कॅरिअरवर कोंबड्या बसू लागल्या. कुणी मुद्दाम टाकून दिलं नाही मला. माणसं कामात असतात, आणि वस्तू हळूहळू मागच्या अंगणात सरकतात.

घरात एक अडचण होती, तिचं नाव गौरी. म्हणजे अडचण तिच्या पोटाची. बसमध्ये पाय ठेवला की तिला उलटी व्हायची. जीप, कार, मोटारसायकल, काहीही असो, पेट्रोल-डिझेलचा नुसता वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले आणि ती बाई खूप बोलली. तेव्हापासून बस दिसली तरी गौरीचा चेहरा उतरायचा. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की थांबेल. पण ती तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुकुटबनहून शुभदाच्या भावाचा, पिंटूचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती आणि बारसं ठरलं होतं.

"ताई, पुढच्या रविवारी बारसं हाय. आत्या आली नाई तं पोरीच्या कानात नाव कोन सांगीन?"

शुभदाचे सासरे, बापूजी, म्हणाले, "गौरीले माह्यापाशी ठिऊन जाय. दोन दिवसाचा तं सवाल हाय."

"मांगच्या वर्षी ठिऊनच गेलती ना, बापूजी," शुभदा म्हणाली. "चार दिवस कोनाशी बोलली नाई ते. तिले वाटते, तिच्यापायी सारे अडकून राह्यले. आता तिले सोडून मी जात नाई."

कोपऱ्यात बसलेल्या गौरीने विचारलं, "आई, मामाचं गाव सायकलनं नाई येत काय?"

सगळे हसले. शुभदा हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोंबड्यांना हुसकलं आणि मला गोठ्यामागून ओढून काढलं.

धावजी मिस्त्रीने मला पाहून कपाळाला हात लावला. "बाई, भंगारात द्याची सोडून माह्याकडं काहून आनली हे?"

"मुकुटबनले जायचं हाय हिच्यावर. आमी चौघं."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. मुकुटबन म्हणजे जवळपास दीडशे किलोमीटर. मग त्याने मला अख्खी उघडली. नवे टायर-ट्यूब, बेअरिंगचे नवे छर्रे, नवी चेन, ब्रेकचे रबर. कॅरिअरवर त्याने लोखंडी सळ्यांची छोटी खुर्ची जोडली, तिला पाठ, पट्टा आणि स्पोकमध्ये पाय जाऊ नयेत म्हणून दोन पावट्या. शुभदाचा नवरा नंदकिशोर घरातली जुनी काळी सायकल घेणार होता, तिच्यावर सामान. दहा वर्षांच्या मंदारची स्वतःची छोटी सायकल होती. मुलांसाठी नंदकिशोरने यवतमाळहून हेल्मेटं आणली. आठ दिवस सकाळी सराव झाला. गल्लीत बायका म्हणत, "सूनबाईचं डोकं फिरलं काय?" बापूजींनी तर सुनेशी बोलणंच बंद केलं.

गुरुवारी उजाडताना आम्ही निघालो. बापूजी ओसरीतून उठले, माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, पंप आणून स्वतः हवा भरली. मग एवढंच म्हणाले, "एका लायनीनं चाला. दिवस बुडाच्या आत गावात शिरत जा, जंगलात वाघ हाय."

पहिले दहा किलोमीटर गौरी खुर्चीत अंग आवळून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. ती उलटीची वाट पाहत होती. तिने पावट्यांवर टाचा घट्ट रोवल्या होत्या. मग ती हळूच म्हणाली, "आई, अजून काईच नाई झालं."

"पाह्य ना मंग इकडं-तिकडं."

तिने डोळे उघडले. तिने आजवर कुठलाच रस्ता पाहिला नव्हता, प्रत्येक प्रवास नाकाला लिंबू धरून केला होता. आता तारेवर नीलकंठ दिसला, फुटलेला कापूस दिसला, वेचणाऱ्या बाया दिसल्या. त्या हात हलवत होत्या आणि ही दोन्ही हातांनी उत्तर देत होती. मंदार पुढून ओरडून बैलगाड्या मोजत होता. दुपारी आम्ही यवतमाळला नातेवाइकांच्या दारात पोचलो, तेव्हा गौरी खुर्चीतून उतरायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही मोहद्यापर्यंत गेलो. मांड्या सगळ्यांच्याच भरून आल्या होत्या, पण थांबायचं नाव कुणी काढलं नाही.

शनिवारी चढावर माझ्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील गेलं.

मिस्त्रीने सगळं नवं घातलं होतं, तेवढं एक जुनं राहिलं होतं. शुभदा पेडल मारत होती आणि चाक फिरतच नव्हतं. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, ऊन डोक्यावर, दुकान कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारसं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

सोयाबीनची पोती भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. "टाका सायकली वर, ताई. पांढरकवड्यात सोडतो."

इंजिन चालू होतं. धूर गौरीच्या अंगावरून गेला आणि ती पांढरी पडली, तरी ती म्हणाली, "आई, तुले जायचं असन तं मी बसतो. मी तोंड दाबून ठेवतो."

शुभदाने तिच्याकडे पाहिलं, मग चढाकडे. नंदकिशोर म्हणाला, "तू म्हनशीन तसं."

"आमी चालत जातो, दादा," शुभदा ड्रायव्हरला म्हणाली. "उशीर झाला तं झाला."

पिकअप गेला. शुभदाने माझं हँडल धरलं. गौरी खुर्चीतून उतरली, तिने दोन्ही हात माझ्या कॅरिअरला लावले आणि ढकलू लागली. सहा वर्षांच्या पोरीचं बळ ते केवढं. पण मला ते जाणवत होतं. मंदारने आपली सायकल बापाकडे दिली आणि तोही मागून लागला. असा तो सगळा चढ आम्ही चढलो. मध्ये चार वेळा बसलो, बाटलीतलं पाणी संपलं.

वर एक बंजारा तांडा होता. डोंगरसिंग नावाचे म्हातारे बाहेर बाजेवर बसले होते. त्यांनी पोरांचे लाल चेहरे पाहिले आणि घरात हाक मारली. त्यांच्या पत्नी हंसाबाई पाण्याचा हंडा घेऊनच बाहेर आल्या. "आव, बेस," त्या गौरीला म्हणाल्या, आणि शब्द कळले नाहीत तरी 'ये, बस' एवढं समजून गौरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. ज्वारीची भाकर आली, ठेचा आला, पोरांसाठी दूध आलं.

डोंगरसिंगांनी माझं चाक फिरवून पाहिलं. मग ते घरामागे गेले आणि एक सायकल घेऊन आले. जांभळी. अगदी माझ्यासारखी. त्यांच्या मुलीला तिच्या शाळेत मिळालेली. मुलगी आता नागपूरला नर्स होती.

"हिचं मांगचं चाक घ्या," ते म्हणाले. "मुलगी म्हनते, कोनाच्या कामी येत असन तं देऊन टाक."

"बाबा, परत येताना आनून देतो," नंदकिशोर म्हणाला.

"कायले? फिरू दे त्याले. इथं तं उभंच हाय."

नंदकिशोरकडे पाने होते, तासाभरात चाक बसलं. जरा कुठे घासत होतं, पण फिरत होतं. माझ्या त्या बहिणीकडे मी पाहिलं. तिच्या बळावर मी पुढे निघाले, आणि दिवस मावळायच्या आत पांढरकवडा गाठलं.

रविवारी दुपारी मुकुटबनच्या वेशीत शिरलो तेव्हा शुभदाच्या केसांत धूळ होती, मंदारचं नाक उन्हाने सोललं होतं आणि गौरी आईला माझी घंटी सारखी वाजवायला लावत होती. तिला ती स्वतःच वाजवायची होती, पण मागच्या खुर्चीतून हात पोचत नव्हता. गाव दारात आलं. हे तेच रस्ते, तेच वळण, जिथे शुभदा पहिल्यांदा माझ्यावरून पडली होती. तिची आई, विमलताई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो मुलांवरून ओवाळला, लेकीवरून, जावयावरून, आणि जाता जाता माझ्यावरूनही.

"खरंच सायकलनं आली वं?" पिंटू म्हणाला. त्याने गौरीला खुर्चीतून उचलून घेतलं.

पाळणा सजला होता. बाया जमल्या होत्या. शुभदा हात-पाय धुऊन पाळण्याशी आली आणि तिने गौरीला शेजारी ओढलं. "एका कानात मी सांगते, दुसऱ्या कानात तू सांग."

दोघींनी बाळाच्या कानांत नाव सांगितलं: अर्पिता. रिवाजाप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. गौरीलाही एक मिळाला, हळू. ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होती, "मले एकदाबी उलटी झाली नाई." आणि प्रत्येक बाई जणू फार मोठी बातमी ऐकल्यासारखी मान हलवत होती. ती मोठी बातमीच होती. मी मांडवात उभी राहून ऐकत होते.

आम्ही परतही सायकलवरूनच आलो. नेरच्या फाट्यावर बापूजी सकाळपासून उभे होते. आजही चहाच्या टपरीवर कुणी नवा माणूस भेटला की ते सुरू करतात, "दीडशे किलोमीटर. माह्यी नात."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. बस गौरीला अजूनही सोसत नाही, पण आता त्याचं कुणाला ओझं वाटत नाही. मागच्या दिवाळीत आम्ही पुन्हा जाऊन आलो, आणि गल्लीतलं आणखी एक कुटुंब आमच्याबरोबर होतं. मी म्हातारी होतेय, उतारावर खडखडते. तुम्हाला एवढीच विनंती, रस्त्यात असं एखादं कुटुंब लेकरांसह सायकलींवर दिसलं, तर गाडी जरा हळू घ्या, आणि जमलं तर पाणी विचारा.

आता मला जाऊ द्या. गौरी आली आहे. सीटवर बसून तिचे पाय पुरत नाहीत, म्हणून ती उभ्यानेच पेडल मारते. पण आज मला ती चालवते.