आईने पुसलेला बाण

आईची लाँड्री होती आणि कुठल्याही डागापुढे तिने आजवर हार खाल्ली नव्हती. माणसंसुद्धा ती आधी कॉलरवरून जोखायची.

लेक चौदा वर्षांची, अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी. उजव्या खुब्याच्या वाटीची कड फाटलेली, त्यामुळे पाय उचलला की आत चिमटा बसायचा. आज दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, दोन-तीन बारीक भोकांतून. सर्दीपायी दोनदा पुढे ढकललेलं. आजही हुकलं, तर डॉक्टरीणबाई महिनाभर परगावी आणि पोरीचा पुढचा मोसम पाण्यात.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या उजव्या मांडीवर पेनाने खुणेचा बाण काढला. मग सिस्टर आईला म्हणाली, "पाय स्वच्छ पुसून घ्या." एवढं पुरे झालं. आईचा रात्री डोळा लागला नव्हता. हातांना काम हवंच होतं.

थिएटरच्या दाराशी सिस्टरने चादर उचलली. "बाण कुठंय?"

"ती शाई होय? काढली," आई म्हणाली. "चिवट होती हं, पण काढली!"

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, जन्मात एक तरी डाग सोडायचास!"

"उजवा पाय!" पोर ट्रॉलीवरून ओरडली. "माझाच आहे, मला ठाऊक नसेल?"

"खुणेशिवाय आत नाही. तुझ्याआधी दुसरा पेशंट घ्यावा लागेल."

"मग माझं आज होणार नाही?"

सिस्टरने फोन उचलला. आईचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला.

डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या. खुब्याची फिल्म पाहिली, संमतीचा कागद पाहिला, पोरीला पहिल्यापासून सगळं विचारलं: नाव काय, कुठला पाय, दुखतं कुठे. नवा बाण काढला. मग आईकडे वळल्या.

"ताई, तुम्ही बाहेर बसा. हात मला दिसतील असे ठेवून."

दोन तासांनी त्या हसतच आल्या. कड शिवली होती, हाडाचा उंचवटाही घासला होता. काही आठवडे कुबड्या. अडथळे सहा महिन्यांनी, तेही तपासून.

ट्रॉलीवर बाहेर आणलेली पोर ते ऐकून अर्धवट शुद्धीत बोटं मोजत पुटपुटली, "म्हणजे मोसमाआधी... पंधरा दिवस उरतात." आणि घोरायला लागली.

बाबा आईला म्हणाले, "आता रडून घे, चालेल."

"रडू कशाला?" आई डोळे पुसत म्हणाली. "पंधरा दिवस उरतायत की!"