अर्धलीच्या शेळीची तीन पिलं

माझा नववा आणि दहावा सराव पाठ नाकारला गेला होता. अकरावाही गेला असता तर डी.एड.चं वर्ष वाया. सकाळीच सासूबाईंना सांगून टाकलं होतं, आज जमलं न्हाई तर मी घरी बसते, राधिकाला सांभाळते. सासूबाई, सत्यभामाबाई, आठ महिन्यांच्या राधिकाला काखेत घेऊन माझ्यासोबत नरसी गावापलीकडच्या त्या शाळेपर्यंत आल्या, कारण लेकरू माझ्याशिवाय राहत नव्हतं. वाटेत मी वहीतलं पाठाचं टाचण घोकत होते. त्या म्हणाल्या, "लेकराला भूक लागली तर ते इचारतंय का, शिवकन्या, तुजी वही कुठंय म्हणून?"

मी घोकत राहिले. शिवाय मी एक शहाणपणा करून ठेवला होता. आम्ही सगळ्याच छात्राध्यापिका तो करायचो. आदल्या दिवशी चौथीच्या वर्गात जाऊन प्रश्नांची उत्तरं पोरांकडून ओळीनं पाठ करून घेतली होती. भाकरी कोण कोण खातं? सगळे. तिचे दोन सारखे तुकडे केले तर एकाला काय म्हणायचं? अर्धा. चार केले तर? पाव.

मार्गदर्शक व्यंकटराव सर मागच्या बाकावर येऊन बसले, तशी मी गडबडले. पहिला प्रश्न विसरून मी थेट दुसऱ्यावर गेले. भाकरीच्या दोन सारख्या तुकड्यांपैकी एकाला काय म्हणतात?

वर्ग एका सुरात ओरडला, "सगळे!"

चार केले तर?

"अर्धा!"

पोरं खूश होती. त्यांचं बराबर चाललं होतं, चुकली होती ती मी. सरांचा पेन चालू झाला. बाहेर ओसरीत राधिका कुरकुरली, सासूबाई तिला थोपटू लागल्या. मला तिथंच हसू फुटलं. आता आणखी काय जायचं राहिलं होतं?

मी टाचण मिटलं. सरांच्या देखत पोरांना सांगितलं की काल मीच तुम्हाला उत्तरं पाठ करायला लावली, चूक माझी आहे. मग विचारलं, कुणाकुणाच्या घरी अर्धलीनं शेळी आहे?

सात हात वर आले. तांड्यावरच्या जमनानं समजावून सांगितलं, शेळी रूपसिंगकाकांची, चारतो आमी, पिलं निम्मी-निम्मी. चार झाली तर दोन-दोन, हे सगळ्यांना येत होतं.

"आणि तीन झाली तर?"

ह्याचं उत्तर टाचणात नव्हतं. कुणी म्हणालं दीड-दीड, लगेच मागून टोमणा आला, अर्धं पिलू चरायला कसं जाईल रे, दोन पायांवर? वर्गात भांडणच लागलं. पोरं माझ्याकडं बघू लागली. मी म्हणाले, मलाही ठाऊक न्हाई, तुमी सांगा. असं म्हणताना भीती वाटली नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

जमना फळ्याशीच आली. "यंदा दोन त्यांची, एक आमचं. पुढच्या वेताला परत तीन झाली, की दोन आमची."

तिच्या हातात खडू दिला. तिनं सहा रेघा मारल्या, तीन-तीन वाटल्या. मग एकेकाच्या वाट्याला एका वेताला किती पडली, म्हणून विचारलं, तर बोटं मोजून ती हळूच म्हणाली, "दीडच की बाई. दीड असतंय, पण एका वेतात दिसत न्हाई."

सगळा वर्ग पुढं सरकला होता. पाच पिलं झाली तर, सात झाली तर, प्रश्न आता तेच घालत होते. तास संपल्याचा टोल झाला तरी कुणी उठेना.

व्यंकटराव सर फळ्यापाशी येऊन रेघांकडं बघत उभे राहिले. टाचणात ह्यातलं काहीच न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, व्हय सर.

"पाठ मंजूर धरला. उद्या पाचवीला घ्या हेच."

बाहेर राधिका आता मोठ्यानं रडत होती, मला पळायचं होतं. तरी उंबऱ्यात थांबले.

"सर, पाचवीला हे लई सोपं होईल. मी दुसरं काहीतरी ठरवते. पण पहिला तास मला द्या, लेकराला भूक लागायच्या आत."