मेलेल्या हरभऱ्यांची ऊब

मी थर्मास. बाहेरून निळा पत्रा, आतून चकचकीत काच. दुसऱ्याने दिलेली ऊब सांभाळायची, एवढंच माझं काम. स्वतःची ऊब मला नाही. आयुष्यात एकदाच माझ्या पोटात ऊब जन्माला आली, आणि तिच्यामुळे एका मुलीचं शिक्षण सुटलं. ते मनात ठेवून मोडीत जायची माझी इच्छा नाही, म्हणून बोलतोय.

नव्वद सालच्या आसपास सावळीरामने मला नाशकात घेतलं. त्याची बायको गोजराबाई दवाखान्यात होती, तिला गरम पेज न्यायला मी हवा होतो. ती बरी झाली आणि मी त्यांच्याबरोबर सायखेड्याला आलो. सावळीरामचा गोदावरीकाठी भाजीचा मळा होता. कोबी, मेथी पंचवटीच्या बाजारात जायची आणि मी रोज सकाळी चहा घेऊन मळ्यात.

शुभांगी त्यांची मुलगी. दहावीत होती आणि पुढे नाशकात सायन्सला जायचं तिच्या मनाने घेतलं होतं. सावळीराम ना हो म्हणे, ना नाही. "आधी तुझं ते प्रदर्शन बघू दे. मग ठरवू," एवढंच बोलला.

शाळेच्या त्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने श्वसनाचा प्रयोग निवडला. शेजारच्या भागुबाईचा थर्मास मागून आणला. त्यात मोड आलेले हरभरे भरले. माझ्यात भरले ते शिजवून गार केलेले. दोघांच्या तोंडात कापूस आणि कापसातून खोचलेला थर्मामीटर.

"आई, मोड आलेला दाणा जिवंत असतो," ती चुलीपाशी बसून सांगत होती. "त्याच्या पेशी ऑक्सिजन घेतात आणि दाण्यात साठवलेलं अन्न हळूहळू जाळतात. ज्वाळा नाही, धूर नाही. त्यातून शक्ती सुटते. थोडी मोड वाढवायला लागते, बाकीची ऊब होऊन बाहेर पडते. शिजवलेला दाणा मेलेला. तो गारच राहणार."

"म्हणजे दाण्याच्या पोटात चूल हाय म्हण की," गोजराबाई म्हणाली.

"एकेका पेशीत."

"एवढ्या चुली? सारवतं कोण त्या?"

दोघी हसल्या. मीही हसलो असतो.

शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं की शिजवलेले हरभरे जंतुनाशकात बुडवून मगच भर. का, ते सांगितलं नव्हतं. गोजराबाईने बाटलीचा वास घेतला आणि ती हातातून काढून घेतली. "चहाच्या थर्मासात हे औषध? उद्या माणसं चहा तोंडात घ्यायची नाय." शुभांगीलाही ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. हरभरे तसेच भरले गेले.

पहिल्या दिवशी मी गार होतो. नंतर माझ्या आत काहीतरी हळूच सुरू झालं. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्या मऊ दाण्यांवर वाढत होते, खात होते, श्वास घेत होते. मी तापू लागलो. मला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सावळीराम बाजारात कोबी उतरवून थेट आला. टोपी सारखी करून मुलीच्या टेबलामागे उभा राहिला. परीक्षक म्हणून आलेले पाहुणे आधी भागुबाईच्या थर्मासाकडे वळले आणि म्हणाले, "छान." मग माझा पारा पाहिला. तोही चढलेला.

"मेलेल्या हरभऱ्यांनाही ताप आला वाटतं," ते म्हणाले. सगळे हसले. "गरम गरमच भरलेस ना?"

"नाही सर. गार करून भरले होते."

"मुली, प्रयोग चुकला तर चालतं. लबाडी चालत नाही."

त्यांनी कापूस काढला. आंबूस वास आला तसं नाक दाबून पुढच्या टेबलाकडे गेले. उत्तर त्या वासातच होतं. कोणी एक क्षणभर थांबलं असतं तर!

परतीच्या वाटेवर सावळीराम एकच वाक्य बोलला. "चारचौघांत मान खाली घालायला लावलीस." शुभांगीने खुलासा केला नाही. तिच्याकडे तो नव्हताच. दहावी झाली आणि कळवणचं स्थळ आलं.

पुढे बरीच वर्षं गेली. गावात मोबाईल आले, न फुटणारे स्टीलचे थर्मास आले. सावळीरामने मात्र मला टाकलं नाही. एका थंडीत शुभांगी माहेरी आली होती. सकाळी मला घेऊन मळ्यात गेली. बांधाशी शेणखताचा ढीग होता, कोबीच्या सडक्या पाल्याने भरलेला. त्यातून वाफ निघत होती. सावळीराम ढिगात हात खुपसून शेकत बसला होता.

"आबा, हे काय?"

"शेगडी हाय माझी. घाल हात. लय गरम."

तिने हात घातला, आणि काढलाच नाही.

"आबा, हा पाला मेलेलाच ना?"

"मग काय जिता?"

"मग तापला कसा?"

"कुजताना तापतंच खत. मी मिसरूड फुटायच्या आधीपासनं बघतोय."

"कुजवणारे जीव जिवंत असतात, आबा. तेच श्वास घेतात, त्यांची ही ऊब." तिचा आवाज बारीक झाला. "माझे हरभरे कुजले होते. मी लबाडी केली नव्हती."

सावळीरामने ढिगातून हात बाहेर काढले.

"दर थंडीला हात शेकत आलो मी," तो म्हणाला. "अन तिथं उभा राहून त्या सायबाचं खरं मानलं."

"राहू द्या आता."

"सायन्सला गेली असतीस तू."

तिने चहा ओतला. तो कोमट झाला होता, कारण माझ्यातही आता पूर्वीसारखा दम उरलेला नाही. दोघांनी तो तसाच घेतला.

लवकरच मी भंगारात जाईन. जाता जाता एवढंच मागतो. एखादं लेकरू तुमच्यासमोर न पटणारं उत्तर घेऊन उभं राहिलं, तर त्याला खोटं म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा. हे असं का झालं असेल, ते दोघं मिळून शोधा. शुभांगीजवळ त्या दिवशी कोणीच बसलं नाही.